मोत्या जेवत नाही

(मंडळाच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमात, स्टॅनमोर येथे केलेलं भाषण)



या वर्षीचा निधी आजारी प्राण्यांच्या उपचारांसाठी जमवायचा असं ठरलं, तेव्हा बैठकीत कुणीतरी विचारलं, "माणसांची दुःखं संपली का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला उभं केलंय, त्याला कारण एकच. ज्यांच्या कुत्र्याला मंडळातल्या सगळ्यांनी मिळून आजारी पाडलं आणि मग सगळ्यांनी मिळून बरंही केलं, असं आमचं एकमेव घर आहे.

आम्ही दोघं नवराबायको. एक जण माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा, एक सांगलीच्या वालचंदची. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तुमच्यापैकी बरेच जण आमच्या घरी येऊन गेला आहात. ज्युबिली लाइनचं शेवटचं स्टेशन म्हणजे स्टॅनमोर, त्यामुळे गाडीत डोळा लागला तरी उतरायचं राहून जाण्याची भीती नाही. तिथून पायी अंतरावर एका बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट. कुत्रा पाळायचा विचार आमच्या डोक्यात कधीही नव्हता. पण शेजारी एक इंग्लिश आजी राहायच्या. २०२२ मध्ये त्या हॅरोच्या एका केअर होममध्ये गेल्या आणि तिथे कुत्र्याला परवानगी नव्हती. आजींचा माँटी, दाढीमिशावाला करडा श्नाउझर, वय वर्षं आठ, आमच्याकडे "चार दिवसांसाठी" आला. घरमालकाची परवानगी काढली. महिन्याभरात माँटीचा मोत्या झाला. हाक मारली की दोन्ही नावांना ओ देतो.

इन्शुरन्सची चौकशी तेव्हाच केली होती. कुत्रा आठ वर्षांचा, म्हणजे हप्ता जबर; आधीपासूनची दुखणी त्यात धरणार नाहीत; शिवाय वय वाढलं की प्रत्येक बिलाचा काही हिस्सा आपणच भरायचा. आम्ही म्हटलं, नंतर बघू. आपल्याकडे "नंतर बघू" हा एक स्वतंत्र इन्शुरन्सच आहे, फक्त त्यात भरपाई मिळत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्यापैकी एकाची नोकरी गेली. कोणाची ते सांगत नाही, घरात अजून तो विषय नाजूक आहे. पण ज्याच्या नावावर व्हिसा होता त्याचीच गेली. इथे जन्मलेल्यांना किंवा पासपोर्ट मिळालेल्यांना याची कल्पना नसते म्हणून सांगतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर असताना नोकरी सुटली की गृहखात्याचं पत्र येतं आणि साधारण साठ दिवसांत दुसरी, व्हिसा देणारी नोकरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. दुसऱ्याचं टेस्टिंगचं काम आठवड्यातून तीन दिवसांचं होतं. दोन महिन्यांचं भाडं, कौन्सिल टॅक्स आणि वेळ आलीच तर मुंबईची दोन तिकिटं एवढे पैसे बाजूला काढले. हाताशी राहिले ४२० पौंड. हा आकडा लक्षात ठेवा.

आता दिवाळी. १२ नोव्हेंबर २०२३, रविवार, लक्ष्मीपूजन. नोकरीचं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे ठरलेला फराळ रद्द करायची सोय नव्हती. चौदा माणसं आणि पोरंबाळं आमच्या एवढ्याशा खोलीत. प्रत्येकाने डबा आणलेला. मोत्या पायापायांतून फिरत होता आणि सगळे म्हणत होते, "काय गुणी कुत्रा आहे हो, भुंकतसुद्धा नाही." तोंड भरलेलं असताना कोण भुंकेल?

सोमवारी रात्री त्याला दोनदा उलटी झाली. मंगळवारी पाडवा. सकाळी वाडग्याजवळ गेला, हुंगलं आणि मान फिरवून परत येऊन झोपला. आम्हाला वाटलं, जड झालं असेल, लंघन बरंच. दुपारीही तेच. मग आमची मराठी माणसाची घालमेल सुरू झाली. घरातलं कुणी जेवलं नाही तर आपल्याला चैन पडत नाही, मग ते माणूस असो की कुत्रा. आम्ही चिकन पुढे केलं, चीज केलं, अंडं केलं. सांगलीला आईला फोन लावला, ती म्हणाली, "मऊ भातावर चांगलं चमचाभर तूप घालून बघ, तुपाच्या वासानं खाईल." आम्ही घातलं. त्यानं दोन घास चाटले आणि अर्ध्या तासात तेही बाहेर.

पंढरपूरच्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्टीतला भाव लाखमोलाचा. पण पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं त्यावरून एवढंच म्हणतो की नामदेवांचा कुत्रा श्नाउझर नव्हता, हे बरं झालं.

त्याच दुपारी मोत्या एक विचित्र गोष्ट करत होता. पुढचे दोन्ही पाय जमिनीवर पसरायचे, छाती खाली टेकवायची आणि मागचा भाग वर. थोडा वेळ तसाच राहायचा. आम्ही म्हटलं, बघा, दिवाळीत देवाला नमस्कार घालतोय. फोटो काढून घरच्या ग्रुपवर पाठवला. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. तो फोटो आमच्याकडे अजून आहे. पोटात कळा येत असताना कुत्री तशी उभी राहतात, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास पाणीही पोटात ठरेना. रात्रीच्या तातडीच्या दवाखान्याला फोन लावला. पलीकडची मुलगी फार सौजन्याने बोलली. नुसतं तपासायचे २६० पौंड, आणि लक्षणं ऐकता बहुतेक दाखल करावं लागेल, दोन-तीन रात्रींचा अंदाज १,८०० ते २,४००. आम्ही "थँक यू, परत फोन करतो" असं म्हणून ठेवून दिला. आमच्याकडे ४२० आहेत, त्यात काय करता येईल, असं एक वाक्य बोललो नाही. लाज वाटली. दोघंही इंजिनिअर, इस्त्रीचे शर्ट घालणारे, आणि कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायला पैसे नाहीत, हे परक्या मुलीला फोनवर कसं सांगायचं?

मंडळी, इथल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजची आचारसंहिता आहे. तातडीचा प्रथमोपचार आणि वेदना कमी करण्याची सोय चोवीस तास उपलब्ध असली पाहिजे, असं तिच्यात आहे. म्हणजे "सगळं नको, आज रात्रीपुरतं त्याचं दुखणं थांबेल एवढं करा, त्याला किती लागतील?" हे विचारायला पूर्ण जागा होती. आम्ही विचारलं नाही, आणि त्या रात्रीची किंमत मोत्याने दिली. बाथरूमच्या थंड फरशीवर तो आणि दोन्ही बाजूंना आम्ही. पहाटे तीनला कपाटातली आयब्युप्रोफेनची गोळी हातात घेतली होती, अर्धी देऊ म्हणून. देण्याआधी शोधून वाचलं म्हणून वाचला. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते, किडन्या निकामी करते. घरातलं कुठलंही औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुत्र्याला द्यायचं नाही. ही चूक होता होता राहिलेली माणसं या हॉलमध्येही असतील.

बुधवारी भाऊबीज. कॅनन्स पार्कच्या आपल्या काकूंकडे जेवायला जायचं होतं. येत नाही म्हणून सांगायला सकाळी फोन केला.

"आवाज का असा गं?"

"काकू, मोत्या दोन दिवस जेवत नाहीये."

"पाणी?"

"पितो आणि उलटून टाकतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बघतोय आम्ही."

"बघतोय म्हणजे? पैशाची अडचण आहे का?"

आम्ही गप्प. काकूंनी चाळीस वर्षं नर्स म्हणून काढली आहेत, त्यांना फोनवरचं गप्प बसणंही ऐकू येतं. म्हणाल्या, "हे बघा, आता उठा. डॉक्टरच्या खोलीत पाय ठेवताठेवता आधी आकडा सांगायचा. नंतर सांगितलात तर त्याचा उपयोग नाही. आणि रविवारी त्यानं काय काय खाल्लं त्याची यादी करा. माझ्या करंज्यांत बेदाणे होते."

बेदाण्यांचं आम्हाला माहीतच नव्हतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या किडन्यांना विषारी ठरू शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे बाधतील याचा भरवसा नाही. कांदा, लसूण, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल हीसुद्धा त्यांच्यासाठी विषंच. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातून फोडणीची आमटीसुद्धा बाद.

मग आम्ही रविवारच्या पाहुण्यांना एकेक करून फोन लावले. "मोत्याला काही दिलं होतंत का हो?" छे छे! कुणीच काही दिलं नव्हतं. एकाने तर आम्हालाच ऐकवलं, कुत्र्याला माणसाचं खाणं देऊ नये. शेवटी एका घरी फोन सहा वर्षांच्या मुलाने उचलला आणि सगळा हिशेब मिळाला. त्याने स्वतः दोन करंज्या दिल्या होत्या, बाबांनी चकली, एका मावशीने शंकरपाळे "मूठभरच", एका आजोबांनी बेसनाचा लाडू, आणि मटणाच्या वाटीतलं चरबीचं सगळं बाजूला काढून कुणी दिलं ते तो सांगायला तयार नव्हता, कारण त्याला पाच पौंड मिळाले होते. ते गृहस्थ आज पहिल्या दोन रांगांत बसले आहेत. त्यांनी देणगीही चांगली दिली आहे, त्यामुळे नाव घेत नाही.

दहाच्या वेळेला जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण होती. दार बंद व्हायच्या आत आम्ही पाठ केलेलं वाक्य म्हटलं: आमच्याकडे एकूण ४२० पौंड आहेत, यापेक्षा जास्त खरोखर नाहीत, आणि याला वाचवायचं आहे. आम्हाला वाटलं होतं, तिचा चेहरा पडेल. तिने पेन काढलं आणि म्हणाली, बरं झालं आधी सांगितलंत, म्हणजे त्यातून काय निघतं ते बघू.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण यातच सगळं आलं. आम्हाला वाटायचं, उपचार म्हणजे एकच ठरलेली गोष्ट, तिची एक किंमत, ती परवडली तर जनावर वाचलं, नाहीतर नाही. तसं नसतं. मालकाची परिस्थिती, जनावराचं वय, घरी कोण बघणार आहे, हे सगळं धरून उपचार बेतायचे, याला अलीकडे पशुवैद्यकात रीतसर मान्यता आहे आणि त्यावर अभ्यासही होतो. पण परिस्थिती डॉक्टरला कळली तर ती बेतणार. नाही सांगितलंत तर ती बिचारी सगळ्यात उत्तम आणि सगळ्यात महाग तेच समोर ठेवणार, आणि आपण "विचार करून सांगतो" म्हणून घरी येणार.

तिने मोत्याच्या हिरड्या दाबून बघितल्या. बोटाने दाबलं की पांढरं पडतं, आणि दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली, ती हळू परत गेली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. पोट दाबलं तसा तो कण्हला. आम्ही "नमस्काराचा" फोटो दाखवला. ती हसली नाही. म्हणाली, हा स्वादुपिंडाला सूज आल्याचा प्रकार दिसतो. श्नाउझर जातीत हे जास्त आढळतं, यांच्या रक्तात मुळातच चरबी जास्त असते, आणि तेलातुपाचं भरपूर पोटात गेलं की हा भडका उडू शकतो.

मग तिने कागदावर तीन रकाने काढले. पहिला: दाखल करणे, सलाईन, सोनोग्राफी, दोन हजारांच्या आसपास. दुसरा: एक रक्ततपासणी, उलटी थांबवण्याचं आणि दुखणं कमी करण्याचं इंजेक्शन, कातडीखाली सलाईन, आणि घरी नेऊन रोज दाखवणे. तिसरा: तपासणी न करता नुसती इंजेक्शनं. आम्ही विचारलं, रक्ततपासणी वाचवली तर? हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि विचारायची रीत अशी: "या तपासणीच्या निकालाने तुमचे उपचार बदलणार आहेत का?" ती म्हणाली, एरवी कदाचित सोडली असती, पण तुम्ही बेदाणे म्हणालात. किडनीचे आकडे बिघडलेले असतील तर घरी पाठवता येणार नाही. म्हणजे त्या पोराच्या साक्षीने कुठले पैसे वाचवायचे आणि कुठले नाही ते ठरलं. सोनोग्राफी सोडली, रक्त तपासलं. किडन्या ठीक होत्या. स्वादुपिंडाची तपासणी हवी तशी वाईट आली, म्हणजे निदान बरोबर होतं.

चौथाही रकाना होता, तो तिने कागदावर काढला नाही. हळू आवाजात म्हणाली, उद्या संध्याकाळपर्यंत पाणी पोटात ठरलं नाही, हिरड्या फिकट पडल्या किंवा तो उठेनासा झाला, तर घरचा उपाय हरला असं समजायचं. मग एकतर दाखल करायचं, नाहीतर त्याचे हाल न करता त्याला शांतपणे झोपवायचं. आमच्यापैकी एक जण खोलीबाहेर गेला. दुसऱ्याने विचारलं, त्याला किती लागतात? असं विचारताना स्वतःचीच शिसारी येते. पण तिने त्याचाही आकडा तितक्याच सरळपणे सांगितला.

बिल ३२२ पौंड. उरले ९८.

घरी आल्यावर आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. एक्सेल उघडलं. किती वाजता किती पाणी, उलटी, लघवी, हिरड्यांचा रंग, सगळ्याचे रकाने. डॉक्टरणीला दुसऱ्या दिवशी ते फार उपयोगी पडलं, हे खरं. पण जेवणाचा रकाना रिकामाच राहिला. इंजेक्शनने उलट्या थांबल्या होत्या, पाणी ठरत होतं, आणि तिने सांगितलं होतं की उलटी थांबली की उपाशी ठेवू नका, अगदी थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी, बिनचरबीचं द्या. सोललेल्या चिकनच्या छातीचा तुकडा किंवा कॉड मासा, नुसत्या पाण्यात उकडून, मऊ भातात कालवून. मीठ नाही, तूप नाही, फोडणी नाही. त्या घरात असा बेचव भात पहिल्यांदाच शिजला. अंगाला लागेल इतपत कोमट करायचा म्हणजे वास सुटतो. सगळं केलं. तो तोंड फिरवत होता. जबरदस्तीने भरवू नका असंही तिने बजावलं होतं. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि मळमळत असताना भरवलेल्या पदार्थाची कुत्र्याला कायमची शिसारी बसते. म्हणजे मंगळवारी प्रेमाने जे जे नाकासमोर धरलं, ते ते आम्ही त्याच्या यादीतून बाद केलं होतं.

गुरुवारी दुपारी शेवटचा उपाय म्हणून केअर होमला फोन लावला. आजींना सांगावं की नाही यावर आमचं भांडण झालं होतं. आजी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुम्ही त्याच्याकडे बघताय का?" आम्ही म्हटलं, म्हणजे काय, डोळ्यांत तेल घालून बघतोय, दर पंधरा मिनिटांनी नोंद करतोय. त्या म्हणाल्या, बघू नका. तो बरा नसला की वाडग्यात खात नाही. चहाची बशी घ्या, जमिनीवर ठेवा, आणि त्याच्याकडे पाठ करून बसा. रेडिओ लावा.

चहाची बशी आमच्याकडे होती, सांगलीहून आणलेली, कपाच्या कानाला तडा गेलेल्या जोडीतली. तीत दोन चमचे भात. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे बसलो. लॅपटॉप बंद. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, कारण ती एकच नोंद एक्सेलमध्ये नाही. मग मागून बशी फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

वळून बघितलं नाही. तो आवाज येत राहिला, बशी सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली.

बाकीचं लवकर सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनचे ६४ पौंड, आणि कमी चरबीच्या डब्यांचे १८. ते डबे दवाखान्यापेक्षा ऑनलाइन स्वस्त पडले. एकूण ४०४. औषधांचंही असंच असतं: डॉक्टरांकडून लेखी प्रिस्क्रिप्शन मागून बाहेरून औषध घेता येतं. मात्र प्रिस्क्रिप्शनचेही पैसे पडतात आणि औषध यायला दोन दिवस लागतात, त्यामुळे चार गोळ्यांसाठी तो खटाटोप करू नये, महिनोन्महिने चालणाऱ्या औषधासाठी जरूर करावा. भाऊबीज हुकली म्हणून शनिवारी काका स्वतः आले. ताटात पाकीट ठेवलं, १५० पौंडांचं. "बहिणीला नाही, भाच्याला आहे," म्हणाले. मोत्याची डिसेंबरची फेरतपासणी त्यातून झाली. नोकरी सत्तेचाळिसाव्या दिवशी मिळाली.

आणि हे सगळं सरळ वाटलं, तरी सरळ नव्हतं. मोत्याचं दुखणं मध्यम होतं म्हणून घरी निभावलं. हेच जोराचं असतं तर पहिल्या रकान्याशिवाय इलाज नव्हता. मोठं माणूस-कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर डॉक्टरला फोन करायचा, पिल्लू असेल तर त्याआधी. पोट फुगलंय आणि नुसत्या कोरड्या उचक्या येतायत, हिरड्या पांढऱ्या पडल्यायत, उलटीत रक्त आहे, पाणी ठरत नाही, विषारी काही खाल्लंय, यातलं काहीही असेल तर भातबीत शिजवत बसायचं नाही. विषाच्या शंकेसाठी अ‍ॅनिमल पॉयझन लाइन नावाची फोनसेवा आहे. ती पैसे घेते, पण दवाखान्यात धावायची गरज आहे की नाही ते सांगते, आणि रात्रीच्या फेरीपेक्षा स्वस्त पडते.

आता निधीकडे येतो. त्या बुधवारी दवाखान्यात जायच्या आधी आम्ही दोन धर्मादाय संस्थांना फोन केले होते. दोघांनी पहिला प्रश्न विचारला: तुम्हाला कुठली सरकारी मदत मिळते? अशा संस्थांचे मोफत उपचार साधारणपणे युनिव्हर्सल क्रेडिटसारखी मदत मिळणाऱ्यांसाठी असतात, आणि त्यांचं बरोबरच आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण आमच्या व्हिसावर ठळक लिहिलंय, सार्वजनिक निधीतून काही मिळणार नाही. म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नसल्याचा पुरावाही नाही. अशा फटीत सापडलेली माणसं आपल्या समाजात बरीच आहेत, आणि ती आमच्यासारखीच "बघतोय" म्हणत असतात.

या देशात ही कामं जुनी आहेत. मारिया डिकिन नावाच्या बाईंनी १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या एका तळघरात गरिबांच्या आजारी जनावरांसाठी फुकट दवाखाना उघडला. त्याचीच पुढे पीडीएसए झाली. ब्लू क्रॉसचं व्हिक्टोरियाचं रुग्णालय १९०६ मधलं. आणि हे फक्त इंग्रजांनाच सुचलं असं नाही. आमच्यापैकी ज्याचं बालपण परळला गेलं, त्याच्या रोजच्या वाटेवर बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय होतं, जनावरांचं, १८८३ पासूनचं. म्हणजे व्हाइटचॅपलच्या तळघराआधी चौतीस वर्षं. लहानपणी त्याला बैलघोड्याचा दवाखाना म्हणायचो आणि नाक दाबून पुढे जायचो.

गरज का वाढली आहे, तेही आकड्यांत सांगतो, नाहीतर इंजिनिअर कसले. इथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या अंतरिम निर्णयात म्हटलंय की २०१६ ते २०२३ या काळात पशुवैद्यकीय सेवांचे दर सरासरी ६३ टक्क्यांनी वाढले. २०१३ मध्ये दहातला एक दवाखाना मोठ्या कंपन्यांच्या मालकीचा होता, आता दहातले सहा. दवाखान्यांनी दरपत्रक जाहीर लावावं, असाही प्रस्ताव त्यात होता. चांगलंच आहे. पण दर कळल्याने खिशात पैसे येत नाहीत.

मोत्या आज आलेला नाही. बाहेर फराळाची टेबलं मांडली आहेत आणि ते पहिल्या रांगेतले गृहस्थही आले आहेत, त्यामुळे धोका पत्करला नाही. तो अजून बशीतच जेवतो, आणि आम्ही दरमहा ३० पौंड त्याच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकतो. दाराजवळच्या टेबलावर पाकिटं ठेवली आहेत, शेजारी गिफ्ट एडचा फॉर्म आहे. इथे कर भरत असाल तर त्यावर खूण करून सही करा, म्हणजे तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स घालतं. पेन काकूंकडे आहे. आणि घरी असा प्रसंग आला, तर डॉक्टरच्या आधी काकूंना फोन केलात तरी चालेल, त्या स्वतःच म्हणाल्या आहेत तसं सांगायला.